जोडीची हजेरी

१२ जानेवारी

साबण पुरवणाऱ्या माणसाने आज सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. बाकीच्यांनी त्या पोरांच्या गणितांसाठी नेल्या. मी म्हटलं, आपण लिहून बघू. कामावर दिवसभर माझं तोंड चालतं, पण घरी ऐकणारं कोणी नाही. आमचे हे टीव्हीसमोर बसून 'हं' म्हणतात. मी मेले असं सांगितलं तरी 'हं'च म्हणतील.

तर पहिली बातमी. धुलाईखान्यातल्या आम्हा सगळ्या बायकांना विम्याची कार्डं मिळाली. आयुष्यभर दवाखान्यांच्या नि हॉटेलांच्या चादरी धुतल्या, पण आपण आजारी पडलो तर अंगाखाली कुणाची चादर येणार ह्याचा भरवसा कधीच नव्हता. आता आहे. कार्डावर नाव आणि नंबर आहे, फोटो नंतर चिकटवणार म्हणे. साहेब म्हणाले, ह्यात तपासण्याही फुकट आहेत, काही दुखत नसलं तरी.

शिडीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "बुटके, हे जपून ठेवायचं. धडधाकट असताना खर्च करायचं नाही. उद्या मोठं काही झालं आणि कार्ड संपलेलं असलं तर?"

कार्ड संपत नाही, असं मी तिला सांगितलं. पण घरी आल्यावर मीही ते कपाटात चांगल्या कपड्यांच्या खाली सरकवून ठेवलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

शिडी म्हणजे माझी घडीची जोडीदारीण. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती ताडमाड उंच, वरच्या फळीवर सहज गठ्ठा ठेवते म्हणून शिडी. मी तिच्या खांद्याला लागते, म्हणून खोक्यावर उभी राहून घडी घालते. नवीन आलेल्या बायका आम्हाला बघून हसतात. मग आमचा हात बघतात आणि गप्प होतात.

३ फेब्रुवारी

साहेबांनी मला बोलावून कार्डाचं काम गळ्यात घातलं. कारण काय, तर मी बोलते फार. बायका आता मला कार्डताई म्हणायला लागल्या आहेत. आत कुठेतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काम सोपं वाटलं होतं. कार्डावरच्या दवाखान्याला फोन करायचा नि वेळ घ्यायची. पण त्यांचा फोन फक्त कामाच्या वेळात लागतो आणि आमचे फोन कामाच्या वेळात कपाटात बंद असतात. जेवणाच्या सुट्टीत लावला. एक दाबा, दोन दाबा. मी दाबत राहिले. मग वाजंत्री सुरू झाली. ती संपायच्या आत सुट्टी संपली. सलग तीन दिवस हेच. शेवटी साहेबांना सांगितलं की दवाखान्यात जायचं म्हणजे दोन बस, अर्धा दिवस आणि अर्ध्या दिवसाचा पगार. कोण जाईल?

साहेबांनी वरच्या कचेरीत सांगून तपासणीची गाडीच कारखान्यात बोलावली. वर एक गाजरही दाखवलं. ज्या विभागातली एकूण एक बाई तपासून घेईल, त्या विभागाला दर महिन्याला दवाखान्यासाठी अर्धा दिवस भरपगारी. एक जरी राहिली तरी नाही.

घडी विभागाला मी हे मिळवून देणारच.

११ फेब्रुवारी

गाडीतली नर्स आधी येऊन सगळं समजावून गेली. छातीत गाठ लागते का बघायची. कातडी आत ओढल्यासारखी दिसते का, काखेत काही जाणवतं का, हात वर करताना ताण बसतो का. मी सगळं पाठ केलं आणि आता झोपेतही म्हणून दाखवीन.

बायकांना पटवताना मात्र नाकी नऊ आले. आमच्याच विभागातली, इस्त्रीच्या रोलरवरची थोरली म्हणते, "माझं काही दुखतच नाही. तिथे जाऊन सांगू काय?" दुसरी विचारते, आत पुरुष असला तर? आत बाईच आहे, मी स्वतः बघून आले. तिसरीचा नवरा विचारतो, नसतं खूळ कोणी भरवलं? मी म्हटलं, मी भरवलं, त्याला माझ्याकडे पाठव. तो आला नाही. एकेक करून सगळ्या तयार झाल्या.

राहिली शिडी. माझीच जोडीदारीण!

"माझी आई चालतीबोलती होती," ती म्हणाली. "तपासायला नेली आणि तिथून पुढे खाटेवरच. तपासलं नसतं तर तिला कळलंही नसतं."

"कळलं नसतं तरी गेलीच असती ना गं."

"गेली असती. पण तोवर हसत होती."

आम्ही चादरी ओढत राहिलो.

१९ फेब्रुवारी

गाडी आली. सकाळीच मी पहिली आत गेले, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. थंडगार पट्टीवर छाती ठेवायची आणि वरून दुसरी पट्टी दाबत आणायची. रोलरमध्ये उशीचा अभ्रा जातो ना, तसं. दुखलं, पण लगेच संपलं. बाहेर येऊन 'काहीच नाही गं' म्हणाले. थोरली गेली, तिच्या मागून सगळ्या गेल्या. जेवणापर्यंत शिडी सोडून सगळं आटपलं.

शिडी साबणाच्या पिंपांमागे जाऊन उभी होती. तोंडचं पाणी पळालेलं. मी रागावले, गोड बोलले, परत रागावले. तिच्या एकटीपायी सगळ्यांचा अर्धा दिवस जाणार, हेही सुनावलं. तिने खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"माझी हजेरी दे ना," म्हणाली.

इथे एक सांगायला हवं. रोज सकाळी फाटकावरचा कारकून खिडकीतून नावं पुकारतो आणि मान वर करत नाही. शिडीची सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं आवरून यायला उशीर झाला की शिडीच्या नावाला 'हजर' मी म्हणते. माझी बस चुकली की माझ्या नावाला ती. सगळ्या जोड्यांत हे चालतं. कारकुनाला कळत असेल, पण काम थांबत नाही तोवर त्याचं काय जातं?

मी हसले. मग हसू थांबलं आणि मी कार्ड घेतलं.

जेवणानंतर गाडीत दुसरी मुलगी होती, सकाळची गेली होती. माझ्या डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आम्ही सगळ्याच सारख्या दिसतो. तिने वय विचारलं, मी शिडीचं सांगितलं. आधी कधी तपासणी झाली आहे का? नाही म्हटलं. शिडीच्या हिशेबाने ते खरंच होतं. परत थंड पट्टी, परत दाबणं.

घडी विभाग पूर्ण! साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. शिडीने गर्दीत माझा हात दाबला. छान गेला दिवस.

६ मार्च

निकाल काल आले. रोलरवरच्या एकीला परत बोलावलं आहे, पण घाबरण्यासारखं नाही म्हणाले. बाकी सगळ्या स्वच्छ. माझा स्वच्छ, शिडीचाही स्वच्छ.

शिडीने तिचा कागद दोनदा वाचला. घरी नेऊन सासूला वाचून दाखवला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकला. मी म्हटलं, "अगं वेडे, ती माझी छाती आहे." तर म्हणते, "असू दे. वर नाव माझं आहे ना? काल रात्री किती दिवसांनी जेवण गोड लागलं." मला हसू आवरेना.

२२ मार्च

शिडीने आज वरच्या फळीवर गठ्ठा ठेवायला स्टूल मागितलं. मी ओरडून सगळ्यांना सांगितलं, शिडीला शिडी लागली! अख्खा विभाग हसला. तीही हसली. वय झालं म्हणाली. माझ्याहून लहान आहे आणि वय झालं म्हणे.

४ एप्रिल

गंमत म्हणजे हल्ली मला खोकं लागत नाही. शिडी चादर पूर्वीसारखी उंच धरत नाही, माझ्या बेताने धरते. आज मी खोकं पायाने सरळ भिंतीकडे ढकललं. एवढी वर्षं त्याच्यावर चढउतर करून पाठीचं भुसकट झालं होतं, तिला आता सुचलं!

पण तिचा उजवा हात मागे राहतो. चादर तिरकी येते. मग मी माझं एक टोक थोडं खाली घेते नि झटका कमी देते, की कोपरे बरोबर जुळतात. तपासनीस बाईने महिन्यात आमची एकही चादर परत पाठवली नाही. दुसऱ्या कुणाबरोबर शिडीचे दहा गठ्ठे परत आले असते. जोडी अशी असावी लागते.

१८ एप्रिल

शिडीचं काय बिनसलंय कळत नाही. कपडे बदलायच्या खोलीत आता भिंतीकडे तोंड करून बदलते. पूर्वी अर्ध्या कपड्यांत गप्पा मारायची, मलाच सांगावं लागायचं की बाई, आधी झाक. आज मी काही म्हणायला जवळ गेले तर दचकून बाजूला झाली.

मला वाटतं, माझं कार्डताई होणं तिला खुपतंय. परवा साहेबांनी मला खुर्ची दिली तेव्हा ती बघत होती. एवढीशी गोष्ट! मी तिच्यासाठी काय काय करते ते मीच जाणते. मीही आज घरी येताना तिच्याशी बोलले नाही.

२ मे

अर्धा दिवस सुरू झाला. रोलरवरची थोरली दवाखान्यात गेली तर तिचा रक्तदाब कुठल्या कुठे चढलेला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. तिने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला रडू आलं. आयुष्यात चादरी सोडून काहीतरी सरळ केलं मी.

शिडीने तिचा अर्धा दिवस घेतलाच नाही. कशाला, म्हणाली, माझा कागद स्वच्छ आहे.

९ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

घडी विभागात एक नवी मुलगी आली. तिला मी कार्डाचं समजावत होते. माझं पाठांतर सुरू झालं, गाठ, कातडी, काख. आणि हात वर करून दाखवत म्हटलं, "असा हात वर करताना ओढ बसली तर लगेच सांगायचं."

हात वरच राहिला. समोर शिडी स्टुलावर चढत होती. डाव्या हाताने गठ्ठा उचलत होती, उजवा पोटाशी धरलेला.

स्टूल, खोकं, तिरकी चादर, भिंतीकडे केलेलं तोंड, सगळं माझ्यासमोर होतं. रोज चादरीच्या दुसऱ्या टोकाला मीच उभी होते. मी विनोद केले, फुगून बसले. आणि तिचा हात मागे पडला तसं माझं टोक खाली घेत गेले, म्हणजे कुणाला कळू नये. मलाही कळलं नाही.

१० मे

कपडे बदलायच्या खोलीत बाकीच्या जाईपर्यंत थांबले. दार लावलं नि म्हटलं, दाखव.

नाही म्हणाली. मी परत म्हटलं. तिने बटणं काढली. उजवीकडची कातडी उशीला आतून टाका घातल्यासारखी एका जागी आत ओढलेली. मी हात लावला. लिंबाएवढं काहीतरी घट्ट. 

"कधीपासून?"

"थंडीपासून." मग म्हणाली, "पण कागद स्वच्छ आला ना गं."

"अगं, तो माझा होता! माझा!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी काय खुळी आहे का? पण रोज दार उघडलं की दिसायचा. माझं नाव, आणि खाली लिहिलेलं, काही दोष नाही. वाचून वाचून पटायला लागलं."

१३ मे

अर्धा दिवस घेऊन तिला दवाखान्यात नेली.  दुसऱ्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या दिवशी तू नाही म्हणाली असतीस तर साहेबांनी मला दरडावून पाठवलं असतं. मी रडले असते. पण गेले असते."

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

खिडकीतल्या मुलीने तिचं कार्ड यंत्रात घातलं. "ह्या कार्डावर यंदाची तपासणी झालेली आहे. निकाल स्वच्छ. आता पुढच्या वर्षी या."

मी म्हटलं, "तिचा हात वर जात नाही."

"मग हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. छातीत काही जाणवतं का?" तिने शिडीला विचारलं.

"नाही," शिडी म्हणाली. आणि पिशवी उचलून वळलीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर एवढी सुटका होती की क्षणभर मलाही वाटलं, चला, जाऊ या घरी. खरंच वाटलं. कार्ड बंद होईल, सगळ्यांचा अर्धा दिवस जाईल, कामही जाईल, हे सगळं डोक्यात येऊन गेलं.

मी तिचा डावा दंड धरून ठेवला आणि काचेच्या भोकाशी तोंड नेलं. "ती तपासणी हिची नाही. माझी आहे. दोन्ही वेळा मीच आत गेले होते."

मुलीला ऐकू गेलं नाही. परत सांगावं लागलं, मोठ्याने. मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"ताई, हा गुन्हा आहे, कळतंय का तुम्हाला?"

"असेल. आधी हिला आत घ्या, मग माझं काय करायचं ते करा. मी कुठे पळून जात नाही."

आरडाओरडा ऐकून आतून डॉक्टरीण बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. शिडीकडे बघून म्हणाली, "हात वर करा बघू." शिडीने केला, खांद्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत नेलं.

३० मे

सुईने तुकडा काढून तपासला. तेच आहे. काखेपर्यंत गेलंय, पण पुढे नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. ऑपरेशन करायचं, मग औषधं. लवकर आलो असतो तर, असं मी विचारायला गेले आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, आता आहे तिथून बघू. शिडीचं कार्ड चालू राहावं म्हणून त्यांनीच विमावाल्यांशी भांडण केलं. माझं बंद झालं, चौकशी होईपर्यंत.

अर्धा दिवस गेला. साहेब म्हणाले, तुमच्या विभागाची हजेरी खोटी होती. थोरली आता डबा घेऊन दुसरीकडे बसते. तिला रक्तदाबासाठी दर महिन्याला जायचं असतं, आता पगार कापून जावं लागेल. मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नाही.

ह्याहूनही वाईट एक झालं. बायका आपसात म्हणतात, "तिचा निकाल स्वच्छ होता, तरी निघालंच ना? मग त्या गाडीचा उपयोग काय?" मी सांगते की तिची तपासणी झालीच नव्हती. त्या मान हलवतात आणि मी वळले की परत तेच बोलतात. नव्या मुलीने कार्ड घरी ठेवून दिलं. मी ज्यांना ओढून त्या गाडीपर्यंत नेलं, त्या पुढच्या वर्षी येणार नाहीत. हे सगळं मी केलं. आमच्या ह्यांना सांगितलं. आज टीव्ही बंद केला त्यांनी.

१६ जून

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

शिडीच्या सासूजवळ काल रात्रीपासून आमचे हे बसले आहेत. ती शिव्या देते म्हणे, आणि हे 'हं' म्हणतात. एकदाचा त्या 'हं'चा उपयोग झाला.

सकाळी शिडीला खाट दिली. बसायच्या आधी तिने चादरीचा कोपरा उचलून बघितला. आमच्याच धुलाईखान्याची चादर. "कुणाची घडी आहे ही?" म्हणाली. "कोपरे बघ कसे पळालेत. आपण दोघी नाही तर काय माती करून ठेवली आहे." मग दोघींनी मिळून ती काढली आणि नीट घातली. मी माझं टोक खाली घेतलं नाही. तिने हात नेता आला तिथवर नेला, चादर तिरकी झाली, आणि आम्ही ती तिरकीच राहू दिली.

नंतर ह्याच बाकावर शेजारी शेजारी बसलो. मी म्हटलं, "मला माफ कर." ती म्हणाली, "कार्ड मी पुढे केलं होतं." मग म्हणाली, "भीती वाटते गं." मी तिचा हात धरला. मला दुसरं काही येत नव्हतं.

मग ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं. कागद हातात घेऊन नर्सने, मान वर न करता, शिडीचं नाव पुकारलं.

"हजर," मी म्हणाले आणि उठून उभी राहिले.

तोंडातून निघूनच गेलं. इतक्या वर्षांची सवय. नर्सने आता मात्र वर बघितलं. शिडीने मला हाताला धरून खाली बसवलं.

"बस, बुटके," म्हणाली. "ही माझी मला द्यायची आहे."

ती उठली. दारातून जाताना तिला मान जरा वाकवावी लागली, एवढी उंच आहे ती. दार लागलं.

अजून उघडलेलं नाही.